बेटावरचं सुतक

त्या बेटाचं नाव मी इथे लिहिणार नाही. कॅरिबियन समुद्रात ते आहे, लहानसं आहे, आणि तुम्हाला जमलं तर अवश्य जा. नाव लिहिलं तर तुम्ही फोटो बघाल आणि भेटल्यावर मला म्हणाल, किती सुंदर आहे हो. मला माहीत आहे. मी तिथे एक आठवडा होते. आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी नागपूरला माझी आई गेली, आणि मला ते कळलं सुट्टी संपवून मिल्टन कीन्सच्या घरी परतल्यावर, हातात जेवणाचा डबा असताना. मधले सगळे दिवस मी पोहत होते.

तेव्हा आमची इंग्लंडमधली बरीच वर्षं झाली होती. नवरा एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा, मी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसात पगारपत्रकं बनवायचे. वर्षभराची रजा साठवायची आणि ती सगळी भारतात जाऊन संपवायची, हा आमच्यासारख्या सगळ्यांचाच शिरस्ता. नवरा पुण्याला आपल्या आत्या-माम्यांकडे चकरा मारायचा आणि मी नागपूरला आईच्या उशाशी बसायचे. तिचं हृदय माझ्या लग्नाच्या आधीपासून अधू होतं. माझी सुट्टी म्हणजे तिच्या डॉक्टरांची वेटिंग रूम, तिच्या गोळ्या, आणि दुपारी पंख्याखाली तिच्या शेजारी आडवं पडून गल्लीतल्या सगळ्यांची उणीदुणी काढणं. परत येताना विमानात बसलं की वाटायचं, आता वर्षभर काही होऊ नये. तिला काही झालंच तर मी वेळेवर पोचेन का, एवढी एकच भीती मी तिकडे उशाशी घेऊन झोपत असे.

त्या वर्षी तर आमचे पासपोर्टच कित्येक महिने क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात अडकून पडले होते. कायम राहण्याचा शिक्का मिळेपर्यंत कुठे हलता येईना. रोज फोन करून आईचा आवाज ऐकायचे आणि ठेवल्यावर पुन्हा लावायचे. अखेर पासपोर्ट आले. त्या दिवशी नवरा म्हणाला, "या वेळी आधी आपण दोघं कुठेतरी जाऊ. नुसता समुद्र. कोणाचे नातेवाईक नाहीत. भारत एप्रिलमध्ये." मी आईला भीतभीत विचारलं. ती म्हणाली, "जा ना बाप्पा. मी काय पळून जातेय का?"

फेब्रुवारीत गेलो. लंडनच्या गॅटविक विमानतळावरून मोठं विमान, मग तिकडच्या दुसऱ्या एका बेटावरून पंखे लावलेलं छोटं विमान, त्यात माणसांपेक्षा खोकी जास्त. धावपट्टी संपते तिथे समुद्र सुरू होतो. मोठी हॉटेलं नव्हती, वाळूवर खुर्च्या मांडलेल्या नव्हत्या. काही किनाऱ्यांवर वाळू काळी होती, ज्वालामुखीची, आणि ती दुपारी इतकी तापायची की आम्ही चपला हातात न घेता पायातच ठेवून पाण्यात शिरायचो. मागे लगेच डोंगर, आणि डोंगरावर असं दाट रान की खाली दिवसासुद्धा हिरवा अंधार. रानातले काही ओढे चक्क गरम पाण्याचे होते. आम्ही उतरलो होतो ते एका प्रौढ विधवा बाईचं गेस्टहाउस होतं. चार खोल्या, एक व्हरांडा, आणि जेवणाच्या टेबलाशेजारी तिचा एकुलता एक टेलिफोन. आमचे मोबाइल तिथे चालत नव्हते. निघण्यापूर्वी मी त्या फोनचा नंबर भावाला, बाबांना, काकूला, लंडनजवळ इल्फर्डला राहणाऱ्या मैत्रिणीला, सगळ्यांना देऊन ठेवला होता. आईला काही झालं तर कळावं म्हणून.

आणि नंबर लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावर गेले होते, नवरा सनक्रीम शोधत मागे राहिला होता. बाईनं त्याला हाक मारली, इंडियाहून फोन आहे. माझा धाकटा भाऊ होता. "भाऊजी, आई गेली. आम्ही तासाभरात नेतोय. ताईला सांगू नका. ती येऊ तर शकणार नाही, तिकडे एकटीच रडत बसेल. घरी गेल्यावर सांगा."

नवऱ्यानं ऐकलं. नंतर त्यानं मला सगळं समजावून सांगितलं आणि त्याचं काही चुकत नव्हतं. छोटं विमान रोज नव्हतं. त्यातून मोठं विमान, मग लंडन, मग मुंबई, मग नागपूर. अंत्यदर्शन होणं शक्यच नव्हतं. मग चार-पाच दिवस त्या परक्या बेटावर मी काय करणार होते? आपल्याकडे हे नवीन नाही. परदेशातल्या माणसाला "बाबांची तब्येत जरा बरी नाही, निघून ये" एवढंच सांगतात, आणि विमानतळावर न्यायला कोण आलं आहे ते बघून आपण काय ते ओळखायचं असतं. परीक्षा असलेल्या मुलाला सांगत नाहीत, बाळंतिणीला सांगत नाहीत. मी बाळंतीण नव्हते, माझी परीक्षा नव्हती. मी सुट्टीवर होते, म्हणून मला सांगितलं नाही.

नवरा पुणेकर आहे. तोंडावर बोलून माणसाचा अपमान करायला त्याला वेळ लागत नाही, पण खोटं बोलायला त्याला जमत नाही, असा माझा समज होता. त्या आठवड्यात त्याला ते फार चांगलं जमलं.

त्याच दिवसापासून त्यानं मासे बंद केले. ज्या बेटावर सकाळी पकडलेला मासा दुपारी ताटात येतो तिथे हा माणूस भात आणि उकडलेलं रताळं खात बसला. पोट बिघडलंय म्हणाला. मी चेष्टा केली, "पुण्याहून एवढ्या लांब येऊन शेवटी रताळंच? एकादशी आहे का तुझी?" तो हसला. मी त्याच्या वाटणीचा मासाही खाल्ला. रोज पहाटे तो उठून घराच्या मागच्या ओढ्यावर डोक्यावरून अंघोळ करून येत असे. दाढी केली नाही. मला वाटलं, सुट्टीत माणूस सैलावतो. मला तर तो दाढीत बरा दिसत होता आणि मी तसं त्याला सांगितलंही. जावयाला सासूचं सुतक किती, काय पाळायचं, यातलं त्याला काही माहीत नव्हतं. देवासमोर हात जोडायचे तर आजूबाजूला बघणारा तो. माझ्या वाटचं काहीतरी कोणीतरी करायला हवं, म्हणून तो जे सुचेल ते करत होता. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर मला काही वाटलं नाही. आज वाटतं.

एका ठिकाणी समुद्राच्या तळातून बुडबुडे येतात. किनाऱ्यापासून थोडंच पोहून जायचं, काचेचा मुखवटा लावून पाण्यात डोकं घालायचं, की खाली खडकांच्या फटींतून लाखो बुडबुडे वर येताना दिसतात. जमिनीखाली ज्वालामुखीची धग आहे, तिची वाफ ती. हात पुढे केला की कोमट माळा बोटांतून निसटत वर जातात. मध्येच निळ्या माशांचा थवा त्या बुडबुड्यांतून आरपार जातो. मी तिथे कितीतरी वेळ तरंगत राहिले. अंगावर कुठलंच ओझं नव्हतं. कौन्सिल नाही, व्हिसा नाही, आणि आईची काळजीसुद्धा नाही, हे मला तेव्हा पाण्यात स्पष्ट जाणवलं. तिला सोडून आल्याचं काही वाटत नाही, याचं मला नवल वाटलं आणि बरंही वाटलं. आयुष्यात इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

बाहेर आल्यावर म्हटलं, आईला फोन करू. तिला सांगते, समुद्र उकळतो म्हणून. नवरा म्हणाला, तिकडे रात्र झाली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, बाईच्या फोनवरून परदेशी फोन लागत नाही. मी स्वतः जाऊन बाईला विचारलं. तिनं माझ्याकडे न बघता टेबलावरचं फडकं झटकलं आणि म्हणाली, "लाइन खराब आहे, डार्लिंग." मग तिनं मला पेरूच्या जॅमची अख्खी बाटली दिली. त्या दिवसापासून माझ्या ताटाशेजारी रोज एक जास्वंद असे. बाकीच्या पाहुण्यांच्या ताटाशेजारी नसे. मला वाटलं, मी तिला आवडले.

शेवटी देवमासे बघायला गेलो. बोटीत आठ-दहा माणसं, बहुतेक म्हातारी इंग्रज जोडपी. बराच वेळ काहीच नाही. मग नावाडी ओरडला आणि समोर पाण्यातून राखाडी पाठ वर आली, ओल्या रस्त्यासारखी चकाकणारी. तिनं श्वास सोडला, फवारा उडाला, आणि मग शेपूट आख्खं वर उभं राहून सावकाश पाण्यात गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उड्या मारत होते. नवऱ्याचा दंड धरून म्हटलं, "बघितलंस?" तो म्हणाला, "हो." तो माझ्याकडे बघत होता. त्यानं माझा फोटो काढला. तो फोटो चांगला आला आहे. त्यात मी तोंड उघडून हसते आहे, आणि त्याच दिवशी नागपूरला भाऊ अस्थी घेऊन रामटेकला निघाला होता.

निघताना बाईनं मला मिठी मारली आणि सोडेचना. "तुझ्या आईनं तुला छान वाढवलंय," असं काहीसं ती म्हणाली. मी म्हटलं, थँक यू, पुढच्या वर्षी तिलाही घेऊन येईन. बाईनं तोंड फिरवलं. विमानात मी नवऱ्याला म्हटलं, इथली माणसं किती मायाळू आहेत नाही? तो म्हणाला, हो.

गॅटविकला इल्फर्डची मैत्रीण गाडी घेऊन आली होती. तिनं येण्याचं काहीच कारण नव्हतं, आम्ही ट्रेननं जाणार होतो. "सहज आले गं. एम ट्वेंटी-फाइव्हवर काय ट्रॅफिक होतं, डोन्ट आस्क," एवढं बोलून ती गप्प झाली. एरवी तिचं तोंड मिटत नाही. मीच बोलत होते. बुडबुडे, देवमासा, काळी वाळू. मिल्टन कीन्सला आल्यावर ती एका राउंडअबाउटला चुकीचा एक्झिट घेऊन परत फिरली, मग पुन्हा चुकली. रात्र पडायला आली होती, थंडी मरणाची होती, आणि घरात हीटिंग बंद. अंगावरचा कोट न काढताच मी म्हटलं, भूक लागलीय. मैत्रिणीनं पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला. मी झाकण उघडलं. वरच्या खणात भात, खालच्या खणात पिठलं.

आपल्याकडे घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भात आणून देतात. दुसरं काही आणत नाहीत, आणि एरवी कोणी कोणाला पाहुणचार म्हणून पिठलं-भाताचा डबा भरून देत नाही. मला हे सगळं माहीत होतं. मी हसले आणि म्हणाले, "अगं, हे काय? कोणी मेलंय का?"

कोणी हसलं नाही. नवऱ्यानं बॅग खाली ठेवली. मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली, मग तिचा चेहरा वाकडा झाला, आणि तिनं तोंडावर हात धरला. मला आधी वाटलं बाबा. मग वाटलं, नाही.

लोक विचारतात, कळल्यावर काय वाटलं. मी डब्याचं झाकण परत लावलं. ते नीट बसत नव्हतं, तर काढून पुन्हा लावलं. मग विचारलं, "कधी?" नवऱ्यानं सांगितलं. मी मनात मोजलं, त्या दिवशी आपण कुठे होतो. मग पुढचा दिवस. मग त्याच्या पुढचा. तो बोलत होता, विमानं, वेळा, भाऊ काय म्हणाला. मी म्हटलं, बरोबर केलंस. खरंच तसं म्हटलं. मग मी हात धुऊन भात खाल्ला. पिठल्यात मीठ कमी होतं.

नंतर काकूचा फोन आला. ती म्हणाली, लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवस सुतक असतं, ते तर तुझे तिकडेच होऊन गेले. आता डोक्यावरून अंघोळ कर, झालं. हे शास्त्राला धरून होतं की काकूच्या सोयीचं, मी विचारलं नाही. म्हणजे माझं सुतकसुद्धा मला न कळवताच उरकून घेतलं होतं. मी वर जाऊन अंघोळ केली. केसांतून काळी वाळू निघाली. ती टबच्या तळाशी साचली आणि पाणी वाहून जाईना, तेव्हा मी बोटानं उकरून जाळी साफ केली.

मग एकेक समजत गेलं. इल्फर्डच्या मैत्रिणीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पुण्याच्या आत्यांना माहीत होतं. नवऱ्याच्या ऑफिसात माहीत होतं, त्यानं तिथल्या कोणाकडून तरी तिकिटांची चौकशी करवली होती. बेटावरच्या त्या बाईला माहीत होतं. जास्वंदीची फुलं त्यासाठी होती. एक मी सोडून सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे मला सांभाळत होते. रागावायचं तरी कोणावर? दात आपले, ओठही आपलेच. मी कोणावरच रागावले नाही. रडलेही नाही. सकाळी उठून नवऱ्याला चहा दिला, पासपोर्ट काढले, नागपूरचं तिकीट काढलं. इतकी वर्षं मी ज्याला घाबरत होते ते होऊन गेलं होतं, आणि मला त्या जागी काहीही सापडत नव्हतं. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, तशी मी सगळीच बधिर झाले होते.

तेराव्याच्या आदल्या दिवशी पोचले. घर माणसांनी भरलेलं. आईची खाट काढून गच्चीवर उभी करून ठेवली होती. भाऊ माझ्या गळ्यात पडून खूप रडला, मी त्याची पाठ थोपटली. बायका माझ्याकडे बघून आपसात बोलत होत्या, हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. एक शेजारीण जवळ बसली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काळवंडली गं पोरी." मग जराशानं म्हणाली, "उन्हानं का? तुझा समुद्र छान होता म्हणे." मी म्हटलं, हो, छान होता. काय वाईट बोलली ती? होताच छान.

दुसऱ्या दिवशी गोडाचं जेवण झालं आणि पंगती उठल्यावर मी बाबांजवळ जाऊन बसले. ते आतल्या खोलीत भिंतीला टेकून होते. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्याशी सगळं मोठ्यानं बोलावं लागतं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तरी सांगायचं होतं मला. मी तिथून निघाले असते. वेळेवर नसते पोचले, पण निघाले तरी असते." तेवढंच मला हवं होतं. विमानतळावर, रांगेत, कुठेही, पण तिच्याकडे यायला निघालेली असायला हवी होते.

बाबांनी कान माझ्याकडे केला. मग म्हणाले, "मी तर आधीच फोन करणार होतो. तू निघायच्या अगोदर. तिला भरती केलं होतं ना."

"कधी भरती केलं?"

"तुझं बॅगा भरणं चाललं होतं तेव्हा. डॉक्टरनं सांगून टाकलं होतं, आता काही खरं नाही. मी फोन हातात घेतला तर तिनं मना केलं. माझ्या हातातून काढूनच घेतला. भावालाही तिनंच बजावून ठेवलं होतं, काही झालं तरी पोट्टीला परत आल्यावरच सांगायचं."  धोतराच्या सोग्यानं त्यांनी नाक पुसलं. "म्हणाली, पोट्टीची प्रत्येक सुट्टी माझ्या उशाशी बसण्यातच जाते. एखादी तरी तिला माझ्याशिवाय मिळू दे."

म्हणजे नवरा नव्हे, भाऊ नव्हे. हे सगळं तिनं ठरवलं होतं. दवाखान्याच्या खाटेवर पडून, डॉक्टर जे म्हणाले ते ऐकून घेऊन, तिनं मला फोनवर विचारलं होतं की समुद्रात घालायला कपडे घेतलेस का.

मला आईचा राग आला. "कोणी सांगितलं होतं तिला?" मी ओरडले. बाबांना ऐकू यावं म्हणून नव्हे. "मला नको होती सुट्टी तिच्याशिवाय! तिला कोणी विचारलं होतं? नेहमी असंच करते. नेहमी आपल्याच मनाचं करते आणि मग माझ्यावर उपकार!"

बाहेरच्या खोलीतल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. नवरा दाराशी येऊन उभा राहिला, त्याच्या मागून काकू डोकावली. "रडू द्या तिला," ती सगळ्यांना म्हणाली, "मोकळं होऊ द्या. इतक्या दिवसांनी रडते आहे."

पण मी रडत नव्हते. मी आईशी भांडत होते.